शिफ्ट बदलली की सवयी का मोडतात आणि त्या टिकवायच्या कशा: रोटेशनवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव, तिकडं गोव्यात वेर्णा, कुठंही असा, ज्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्यांच्यासाठी हे लिहिलंय. मी बरीच वर्षं तिन्ही शिफ्टमध्ये काम करतोय आणि लाईनवरची पोरं, नवीन ट्रेनी, त्यांच्या घरचे जे जे विचारतात तेच प्रश्न इथं घेतलेत. टायमिंग फर्स्ट ६ ते २, सेकंड २ ते १० आणि नाईट १० ते ६ असं धरलंय, तुमच्याकडं ७ ते ३:३० वगैरे असेल तर त्या हिशोबानं पुढं सरकवून घ्या.

दर आठवड्याला शिफ्ट बदलते, मग रोजची सवय लागणार तरी कशी?

लागते, पण घड्याळाच्या भरवशावर राहिलात तर लागत नाही. समजा तुम्ही ठरवलं की रोज सकाळी ६ ला चालायला जायचं. फर्स्टच्या आठवड्यात ६ ला तुम्ही मशीनवर उभे असता, नाईटच्या आठवड्यात ६ ला पंच करून गेटबाहेर पडत असता, म्हणजे तीनातले दोन आठवडे तो नियम मोडणारच, आणि मग माणूस म्हणतो आपल्याच्यानं काय होत नाही, सोडा. अहो तो नियमच मुळात जनरल शिफ्टवाल्याचा, म्हणजे रोज दिवसा ठरलेल्या वेळेलाच कामाला जाणाऱ्याचा आहे.

म्हणून सवय अशा गोष्टीच्या मागं लावायची जी तिन्ही शिफ्टमध्ये होतेच होते. झोपून उठणं होतंच, कंपनीच्या बसमधून उतरणं होतंच, आंघोळ होतेच, डबा घासणं होतंच. मग "तोंड धुतलं की तांब्याभर पाणी", "बसमधून उतरलो की सरळ घरात न शिरता मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायचं", "आंघोळीला जायच्या आधी दहा मिनिटं सूर्यनमस्कार" असं बांधून घ्या. तेव्हा वाजले किती याच्याशी काही देणंघेणं ठेवायचं नाही. वेळ बदलू दे, क्रम बदलू द्यायचा नाही. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

म्हणजे तीन शिफ्टची तीन टाइमटेबलं करायची का?

तीन नको, दोनच करा. एक रात्री झोपायच्या आठवड्यांचं आणि एक दिवसा झोपायच्या आठवड्याचं. फर्स्ट आणि सेकंड यांत तुम्ही रात्रीच झोपता, फक्त थोडं मागंपुढं. फर्स्टला साडेनऊ ते साडेचार आणि सेकंडला साडेअकरा ते सात असं धरलं तर साडेअकरा ते साडेचार ही झोप दोन्ही आठवड्यांत कॉमन निघते, तेवढी सांभाळली तरी शरीराला दोन आठवडे सलग एक धागा मिळतो.

आणि खरं सांगू का, लोक नाईटला शिव्या देतात पण विनाकारण वाया जातो तो सेकंडचा आठवडा. ११ ला घरी आलं, जेवलं, मोबाईल हातात घेतला की दोन कधी वाजतात कळत नाही, मग सकाळी साडेनऊ दहाला उठायचं, आंघोळ जेवण करून परत बस. वास्तविक सेकंडचीच अख्खी सकाळ आपल्या हातात असते, व्यायामाला, बँकेच्या कामाला, पोरांना शाळेत सोडायला. सेकंडला रात्री मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावा, एवढं एक केलं तरी सकाळ परत मिळते.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, आमची तर शिफ्टच सात दिवसांत बदलते.

त्या २१ दिवसांचं डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर हे तपासलं होतं, लोकांनी एखादी साधी सवय निवडायची आणि रोज ठरलेल्या गोष्टीनंतर ती करायची, म्हणजे नाश्त्यानंतर अमुक, जेवणानंतर तमुक. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतील असा हिशोब निघाला, आणि माणसामाणसांत फरक केवढा, कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४. आपल्याला कामाची गोष्ट त्यातली पुढची आहे, एखाद्या दिवशी खाडा पडला तर त्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ओटी (ओव्हरटाइम) लागला म्हणून आज सूर्यनमस्कार चुकले तर चुकले, उद्या आंघोळीच्या आधी परत. तीन महिने म्हणजे रोटेशनच्या चार फेऱ्या, एवढा वेळ स्वतःला द्या आणि मग बघा.

नाईटला फक्त आठ तासच काम असतं, तरी अंग एवढं का मोडून येतं?

कारण त्या वेळी शरीर झोपायच्या तयारीत असतं. मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे, डोळ्यांत येणाऱ्या उजेडावर ते रोज स्वतःला लावून घेतं, आणि तसली छोटी घड्याळं शरीराच्या पेशीपेशीत आहेत. हे घड्याळ पेशीत नेमकं कसं चालतं ते शोधल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तिघांना मिळालं. अंधार पडला की झोपेकडं नेणारं मेलाटोनिन वाढतं आणि पहाटे चार-पाचच्या आसपास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. नाईटला चार वाजता हुडहुडी भरल्यासारखं होतं, हातातला पार्ट दोनदा बघावा लागतो, ते यामुळं. तेव्हा नवीन पोरांनी तो आळस समजू नये आणि सुपरवायझरनंही समजू नये.

एका आठवड्याच्या नाईटमध्ये हे घड्याळ पूर्ण उलटं होत नाही. उलटं करायच्या मागंही लागू नका, कारण पुढच्या आठवड्यात परत सरळ करायचंय. नाईटचा आठवडा कमीत कमी नुकसानीत काढायचा, एवढंच टार्गेट ठेवा.

नाईटवरून आल्यावर लगेच झोपावं की कामं उरकून दुपारी?

लगेच. हे मी अगदी ठासून सांगतो. सकाळी घरी आलं की थोडं फ्रेश वाटतं, म्हणून माणूस म्हणतो गॅसची टाकी आणू, लाईटबिलाचं बघू, जरा मोबाईल बघू, आणि मग ११ ला आडवा होतो, तोवर ऊन चढलेलं, शरीराचं घड्याळ दिवस सुरू झाला म्हणून सांगतंय, दोन तासांत डोळे टक्क उघडे. दिवसाची झोप तशीही रात्रीपेक्षा कमी आणि कच्ची होते, त्यात आपण तिची सुरुवातच उशिरा करतो.

मला जमलेला क्रम सांगतो. बसमध्ये बसलं की खिडकीचा पडदा ओढायचा, जमलं तर काळा गॉगल, कारण सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की झोप उडते (बाईकवर असाल तर गॉगल लावू नका, तिथं जागं राहणं महत्त्वाचं). घरी येऊन हातपाय धुवायचे, थोडं खायचं, म्हणजे एखादी पोळी-भाजी नाहीतर मूठभर पोहे, अगदी उपाशी झोपलं तर भुकेनं जाग येते आणि मिसळ-पाव हाणून झोपलं तर पित्त उसळतं. साडेसात आठला अंथरुणावर. एक दीडला जाग आली तर उठा, जबरदस्ती पडून राहू नका, पण मग संध्याकाळी साडेसहा ते आठ परत एक डुलकी काढा आणि मग जेवून निघा. दोन तुकडे मिळून सात तास झाले तरी काम भागतं. संध्याकाळची ती झोप लोकांना फालतू वाटते, पण पहाटे चारच्या वेळी तीच कामाला येते.

घरात झोपूच देत नाहीत हो. बेल, भांडी, शेजारचा टीव्ही...

दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एप्रिल-मेचं ऊन आणि खाली "भंगारवाला, रद्दीवाला", त्यात झोपायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचं तर अजून अवघड, एक कामाला गेला की दुसरा त्याच गादीवर.

खोलीत अंधार करणं हा पहिला उपाय, कारण आवाजाची थोडीफार सवय होते, उजेडाची होत नाही. खिडकीला जाड काळं कापड, नाहीतर नुसता पुठ्ठा लावला तरी चालतं, आणि डोळ्यांवर धुतलेला मऊ रुमाल. पत्रा असेल तर खोलीत ओली चादर दोरीवर टाकून पंखा चालू ठेवा, मराठवाडा-विदर्भाकडच्या कोरड्या उन्हात याचा चांगला गारवा येतो, कोकणातल्या दमट हवेत मात्र उपयोग नाही. फोन पूर्ण बंद करू नका, घरच्यांना काळजी वाटते, घरातले दोन नंबर सोडून बाकी सगळे सायलेंट करता येतात ते सेटिंग करून घ्या.

पुण्याकडं बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी आणि त्याच दिवशी लाईटची देखभालीची कामं निघतात, तेव्हा बुधवारी रात्रीची नाईट करून आलेल्याला गुरुवारी पंख्याशिवाय झोपावं लागतं. चार्जिंगचा छोटा पंखा घेऊन ठेवा, पैसे वसूल होतात.

घरच्यांशी मात्र एकदा नीट बसून बोला. आई-वडिलांच्या पिढीत दिवसा झोपणारा म्हणजे आळशी असं एक आहे, ते रागावून जात नाही. दाराला आतून नाही, बाहेरून पाटी लावा, "नाईट आहे, १ नंतर बेल वाजवा". आमच्या चाळीत दोन-तीन दारांवर अशा पाट्या आहेत आणि दूधवालासुद्धा मानतो.

माझे मिस्टर नाईटला असले की चिडचिड करतात. मी काय करू?

ताई, झोप कमी पडली की माणूस चिडतोच, त्यात तुमच्यावर राग असतो असं नाही. उठल्या उठल्या पहिला अर्धा तास त्यांना हिशोब, तक्रारी, शाळेची फी यातलं काही सांगू नका, चहा-पाणी होऊ द्या मग सांगा. आणि नाईटच्या आठवड्यात रात्री आठचं जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करा. पोरांना तेवढाच बाप भेटतो, आणि त्यांनाही घरचं गरम जेवण पोटात पडतं. हे एकत्र जेवण तीनही आठवड्यांत कुठल्या ना कुठल्या वेळेला बसवता येतं, फर्स्टला रात्रीचं, सेकंडला दुपारी बाराचं, नाईटला आठचं. त्यांच्यापेक्षा तुमच्याच हातात ते जास्त आहे. पण त्यांनाही माझं सांगणं आहे की ताईंनी दिवसभर घर गप्प ठेवायचं म्हणजे तिलाही ती एक ड्युटीच आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन बाहेर पडा आणि तिला झोपू द्या.

नाईटला जेवायचं काय आणि कधी?

मुख्य जेवण निघायच्या आधी घरी, आठच्या सुमारास. पोळी किंवा भाकरी, भाजी, वरण-भात, पोटभर. रात्री कँटीनमध्ये १२:३०-१ चं जेवण असतं तिथं निम्मं घ्या, भात कमी, उसळ आणि ताक जास्त. २ नंतर जड काही नको. रात्री पोट हळू चालतं आणि तेच जेवण रात्री खाल्लं तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते. २०२१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १९ जणांना प्रयोगशाळेत ठेवून नाईटसारखी ड्युटी लावली, ज्यांना रात्रीही जेवण दिलं त्यांची साखर वाढली, ज्यांना फक्त दिवसा दिलं त्यांची नाही वाढली. माणसं थोडी होती, पण रोजचा अनुभवही तेच सांगतो.

पूर्ण उपाशी राहून हेवी काम करायचं असं मी म्हणत नाही. भट्टीवर, प्रेसवर असलेल्या माणसाला काहीतरी लागणारच. खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवा, एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू. तीनच्या ब्रेकला गेटवरचा वडापाव आणि भजी मस्त लागतात, पण सकाळी सातला घशाशी जे येतं ते त्याचंच असतं.

पाण्याचं सगळेच विसरतात. टॉयलेट लांब आहे, रिलिव्हर, म्हणजे तेवढा वेळ आपल्या जागी उभा राहणारा, मिळत नाही म्हणून मुद्दाम पाणी न पिणारे कितीतरी आहेत, विशेषतः बायका. लघवीला जळजळ, मूतखडा हे त्यातूनच उद्भवतं. एक लिटरची बाटली जेवणाच्या ब्रेकपर्यंत संपवायची आणि ब्रेकमध्ये भरायची, एवढं बांधून घ्या.

चहाशिवाय नाईट निघतच नाही.

प्या, पण पहिल्या अर्ध्या रात्रीत प्या. चहा-कॉफीतलं कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पाचला घेतलेला चहा आठला तुमच्या उशाशी जागा असतो. १० ते ६ ला शेवटचा चहा दोनपर्यंत. मशीनवरचा तो गोड चहा दोन चमचे साखरेचा असतो, पाच कप झाले की दहा चमचे साखर गेली, तेव्हा निदान निम्मे कप बिनसाखरेचे करा. चारला झोप अनावर झाली तर गार पाणी तोंडावर मारा, उजेडाखाली पाच मिनिटं चाला, आणि कंपनीत चालत असेल तर ब्रेकमध्ये वीस मिनिटं टेबलावर डोकं ठेवून झोपा. वीसच. पाऊण तास झाला तर उठल्यावर डोकं जड होतं आणि मशीनवर हात चालत नाही.

तंबाखू नाईटमुळंच लागली. सुटेल का?

सुटते, आणि शिफ्टवाल्याला तर ती सोडायलाच हवी कारण आपल्याकडं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती आहेत ते बघतोच आपण. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी गेटबाहेर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. फर्स्टच्या आठवड्यात सुरुवात करा, नाईटमध्ये नको, नाईटला झोपेशी लढताना हात पुडीकडं जाणारच. जागं राहायला म्हणून मळत असाल तर त्याच वेळेला तोंडात दुसरं काहीतरी हवं, बडीशेप, लवंग, आवळा सुपारी. आणि जोडीदार बघा, एकट्याला मळायला बोलावणारे दहा असतात, नको म्हणणारा एक तरी शेजारी हवा. सरकारची तंबाखूमुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, फोन करायला लाजू नका.

आठ तास उभंच असतो, परत व्यायाम कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कामात एकच हात, एकच खांदा, तीच कंबर दिवसभर झिजते, बाकीचं शरीर तसंच राहतं आणि हृदयाला हवा तसा सलग दम लागतच नाही. आठ तास उभं राहिलेल्याच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगतात पण तिसरा मजला चढला की धाप लागते, हे बघितलंय ना? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं वगैरे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते.

ती १५० मिनिटं तिन्ही आठवड्यांत सारखीच वाटून घ्यायची गरज नाही. सेकंडच्या आठवड्यात सकाळी भरपूर करा, फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी अर्धा तास चालणं, आणि नाईटच्या आठवड्यात फक्त नावापुरतं. नावापुरतं म्हणजे उठल्यावर पाच सूर्यनमस्कार आणि कंबर-मान मोकळी करणं, बस. पाच सूर्यनमस्कारांनी वजन उतरणार नाही, पण दोरी तुटत नाही, फर्स्ट आला की परत पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. नाईटवरून आल्या आल्या जिम मात्र नको, झोपेच्या तोंडावर शरीर तापवलं की झोप लांबते आणि पेंगत वजन उचललं तर इजा होते.

शिफ्ट चेंजच्या दिवशी काय करायचं?

नाईट संपवून सुट्टीच्या सकाळी घरी आलात की दुपारभर झोपू नका. आठ ते साडेअकरा झोपून उठा, जेवा, उन्हात अर्धा तास फिरा, पेंग येईल ती सहन करा आणि रात्री साडेनऊ दहाला झोपा. एका रात्रीत निम्मं काम होतं. नाईट सुरू व्हायच्या आदल्या रात्री थोडं उशिरा झोपा, सकाळी उशिरा उठा आणि दुपारी दीड-दोन तास झोप काढा, म्हणजे पहिली नाईट जी सगळ्यात वाईट असते ती निभावते.

सुट्टीच्या आदल्या रात्री "बसायचा" कार्यक्रम असतो. दारूनं डोळा पटकन लागतो हे खरं, पण पहाटे झोप तुटते आणि जी होते ती कच्ची. आठवडाभराची राहिलेली झोप भरून काढायची रात्र ती, तीच जाते.

नाईटवरून बाईकवर येताना डुलकी लागते.

हे बाकी सगळ्यापेक्षा गंभीर आहे. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंद होते असं अभ्यासात दिसलंय. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे दुपारी १ ला उठून रात्रभर काम करून सकाळी ६ ला किक मारणारा माणूस एक थेंब न पिता त्या मर्यादेच्या पलीकडं असतो, आणि समोर नगर रोडवर, नाशिक फाट्यावर कंटेनर.

कंपनीची बस असेल तर नाईटच्या आठवड्यात बसच. नसेल तर पार्किंगमध्ये गाडीला टेकून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा आणि मग निघा, नाहीतर दोघं मिळून या, मागच्यानं बोलत राहायचं. मान खाली पडली, लेन कधी बदलली आठवत नाही, असं एकदा जरी झालं तर गाडी लगेच बाजूला. घरी अर्धा तास उशिरा पोचाल, पोचाल तरी.

उपवास आणि शिफ्ट कसं जमवायचं?

श्रद्धेच्या आड मी येणार नाही, फक्त उपवासाला खायचं काय ते बदला. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स यावर नाईट काढली की दोनला हातपाय गळतात. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दही, याला दम असतो. संकष्टी सेकंडला आली तर चंद्रोदयाला तुम्ही लाईनवर असता, तेव्हा घरी ११ ला येऊन मोदक-पुरणाचं भरगच्च ताट न घेता वरण-भात-भाजी घ्या, नैवेद्याचा एक मोदक पुरे. रोजे ठेवणाऱ्या भावांनी नाईटला सहरी जरूर करावी आणि इफ्तारपासून पाणी थोडं थोडं घेत राहावं. निर्जळी उपवास, भट्टीचं काम आणि उन्हाळा हे तिन्ही एकत्र येत असेल तर सुपरवायझरला आधी सांगून ठेवा. आणि शुगरची गोळी चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

शुगर, बीपी, थायरॉईडच्या गोळ्या कोणत्या वेळेला घ्यायच्या?

डॉक्टरला तुमची शिफ्ट सांगा, बहुतेक जण सांगतच नाहीत. चिठ्ठीवर "सकाळी, जेवणाआधी" लिहिलेलं असतं आणि तुमचं सकाळचं जेवण झोपायच्या आधी असतं. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन न जेवता झोपलात तर साखर झोपेत धोकादायक खाली जाऊ शकते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी आणि खाण्याच्या अर्धा-एक तास आधी लागते, म्हणून नाईटला ती कधी बसवायची ते ठरवून घ्यावं लागतं. तिन्ही शिफ्टच्या उठायच्या, जेवायच्या, झोपायच्या वेळा एका कागदावर लिहून न्या आणि त्यांच्याकडून त्याच कागदावर गोळ्या लिहून घ्या, तो कागद फ्रिजवर चिकटवा. मनानं गोळी मागंपुढं करू नका. झोपेच्या गोळ्या तर दुकानातून स्वतःहून अजिबात आणू नका.

मी नर्स आहे. नाईट करून आल्यावर घरचं सगळं माझ्यावरच असतं.

सिस्टर, तुमचा प्रश्न सवयींचा नाही, घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. सकाळचे डबे, कपडे, सासूबाईंचं औषध, हे करून ११ ला झोपणारी बाई कितीही योगासनं करू दे, बरी राहणार नाही. नाईटच्या दिवसांत सकाळचे डबे नवऱ्यानं करायचे, पोहे-उपमा कुणालाही येतो, कणीक आदल्या संध्याकाळी मळून ठेवता येते. हे भांडून नाही पण ठाम सांगून ठरवा, ड्युटीचा चार्ट लागला की त्याच दिवशी घरातला चार्टही लावा. नाईटमुळं पाळी मागंपुढं होऊ शकते, दोन-तीन महिने तसंच चाललं तर दाखवून घ्या, आणि दिवस गेले असतील तर नाईटबद्दल डॉक्टरशी आणि मेट्रनशी (मुख्य परिचारिकेशी) लवकर बोला.

नाईटनं मोठे आजार होतात हे खरं का? डॉक्टरकडं कधी जायचं?

धोका वाढतो हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं २००७ मध्ये नाईट शिफ्टला "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं आणि २०१९ च्या फेरतपासणीतही तिथंच ठेवलं. डायबेटीस आणि हृदयविकाराचंही प्रमाण शिफ्टवाल्यांत जास्त दिसतं. म्हणजे प्रत्येकाला होणारच असं नाही, पण तपासण्या टाळायच्या नाहीत. वर्षातून एकदा बीपी, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर त्यांच्या दवाखान्यात दाखवा, कार्ड नुसतं पाकिटात ठेवू नका.

फर्स्टच्या आठवड्यातही तीन-चार आठवडे झोप लागत नसेल, जोरात घोरून मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, छातीत जळजळ रोजची झाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते शिफ्टचं म्हणून सोडून देऊ नका. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

कंपनीकडं काय मागता येईल?

बरंच मागता येतं आणि त्यातलं बरंचसं फुकटात होतं. पहिलं म्हणजे रोटेशनची दिशा. फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाईट असं पुढं सरकणारं रोटेशन शरीराला सोपं जातं, कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब आहे, त्याला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं वाटतं. बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, नाईटवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट, आणि कुणी विचारत नाही म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं. युनियनच्या नाहीतर वर्क्स कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या, कंपनीचा खर्च शून्य आहे.

दुसरं, नाईटच्या कँटीनमध्ये उरलेलं तळलेलं न देता उसळ, ताक, फळ. तिसरं, सेकंड करून दुसऱ्या दिवशी लगेच फर्स्टला बोलावणं बंद, त्यात जाण्यायेण्यात वेळ जाऊन चार-पाच तासही झोप होत नाही. आणि रोस्टर, म्हणजे कुणाची कुठली शिफ्ट ते वेळापत्रक, निदान महिनाभर आधी बोर्डावर. आज संध्याकाळी मेसेज येतो की उद्या नाईटला ये, अशा वेळी वरचं काहीही पाळता येत नाही, दुपारची झोप नाही, घरचं जेवण नाही, गोळीची वेळ नाही. महिनाभर आधी कळलं तर कागदावर आखता येतं, बायकोला सांगता येतं, पोरांच्या शाळेचं गॅदरिंग असेल तर आधीच अदलाबदल करून घेता येते.